यू-डायस प्लसचं शाळा कार्ड : पट दाखवतं, वर्गातली दाटी लपवतं

गावातल्या किंवा वस्तीतल्या प्राथमिक शाळेचा पट कुठल्या दिशेने चाललाय, हे घरबसल्या आणि फुकटात पाहायची सरकारी सोय म्हणजे यू-डायस प्लस या देशभरातल्या शाळांची माहिती ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या पोर्टलवरची ‘नो युवर स्कूल’ सेवा. शाळेचा कोड टाकला की त्या शाळेचं रिपोर्ट कार्ड उघडतं. इयत्तावार मुलं-मुली, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं असं सगळं त्यात असतं. शाळांच्या माहितीपत्रकातल्या ‘वैयक्तिक लक्ष’ वगैरे शब्दांपेक्षा हे कोरडं कार्ड कितीतरी उपयोगाचं. मात्र ते जसंच्या तसं वाचलं तर फसगत ठरलेली. पट समजण्यासाठी पाचपैकी चार गुण. ‘वर्गात एका शिक्षकापुढे किती मुलं बसतात?’ या प्रश्नाच्या उत्तरासाठी जेमतेम दोन. आणि पालकाला जाणून घ्यायचं असतं ते नेमकं हेच.

आधी कोड. यू-डायस कोड अकरा आकडी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्राला २७), पुढचे दोन जिल्ह्याचे (पुण्याला २५, कोल्हापूरला ३४), मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन त्या गावातल्या शाळेचे. प्रगतिपुस्तकावर, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि बऱ्याच शाळांच्या नामफलकावर तो छापलेला सापडतो. कोड हाती असेल तर काम मिनिटभराचं. नसेल तर नावाने शोधायचं, आणि तिथे सेवा लंगडी पडते. शाळांची नावं इंग्रजीत आणि ज्याने जशी भरली तशी. एकाच केंद्रातली (शेजारच्या शाळांच्या गटातली) एक शाळा ‘झेडपीपीएस’, दुसरी ‘झेड पी प्रायमरी स्कूल’, तिसरी ‘झेड पी मराठी शाळा’. वाडी, तांडा, पाडा असला की स्पेलिंगचे अंदाज बांधत बसा. त्यापेक्षा पिनकोड टाकावा, किंवा राज्य, जिल्हा, तालुका असं निवडत खाली यावं. कार्डही इंग्रजीतच निघतं. मराठी माध्यमाच्या शाळेची माहिती मराठी पालकाला मराठीत मिळू नये, ही या सेवेची सर्वात न पटणारी गोष्ट.

शाळा सापडली की एकच कार्ड उतरवून थांबू नका. वर्ष बदलून मागची चार-पाच वर्षं वेगवेगळी उतरवा. एका वर्षाचं कार्ड म्हणजे नुसता फोटो; चाल दिसायला चार लागतात. आणि चालू वर्षाचं कार्ड मिळेल ही आशा धरू नका. आकडे ३० सप्टेंबरच्या पटाभोवती गोळा होतात, मग तपासणी, मग प्रसिद्धी. एप्रिल ते जून या प्रवेशाच्या दिवसांत हाती येतं ते निदान एक वर्ष जुनं कार्ड.

आता कागद घेऊन उभे-आडवे रकाने आखा. बाजूला वर्षं, वर इयत्ता. समजा पहिली ते चौथीची एक जिल्हा परिषद शाळा आहे आणि तिचे आकडे असे आलेत (आकडे समजावण्यापुरते घेतलेत, कुठल्या शाळेचे नव्हेत):

२०२१-२२ : पहिली १४, दुसरी १७, तिसरी १६, चौथी १९. एकूण ६६.
२०२२-२३ : १२, १४, १८, १६. एकूण ६०.
२०२३-२४ : १३, ११, १३, १७. एकूण ५४.
२०२४-२५ : ९, १२, १०, १२. एकूण ४३.

एकूण आकडा पाहणारा म्हणेल, तीन वर्षांत २३ मुलं गेली, शाळा बुडाली. ही घाई झाली. हे आकडे तिरके वाचायचे असतात. २०२१-२२ ची पहिली पुढच्या वर्षी दुसरी होते, मग तिसरी, मग चौथी. म्हणजे १४, १४, १३, १२. एकदा आलेली मुलं जवळपास सगळी टिकली. २०२२-२३ च्या पहिलीचंही तेच : १२, ११, १०. वर्षाला एखादं मूल कमी होणं गावात नेहमीचं. बापाची बदली, आईचं माहेर, कामासाठी शहर. म्हणजे या शाळेतून मुलं पळत नाहीयेत. चौथीतून १९, १६, १७ अशी मुलं बाहेर पडत गेली आणि खालून पहिलीत १२, १३, ९ एवढीच आली. नळ बारीक झालाय, टाकी फुटलेली नाही.

दुसऱ्या एखाद्या शाळेत तिरकी ओळ २०, १८, १३, ९ अशी निघाली तर प्रकरण वेगळं. पहिलीला पालक आणून घालतात आणि दुसरी-तिसरीत काढून नेतात. शिक्षक टिकत नाहीत, वाचन येत नाही, शेजारच्या गावात इंग्रजी शाळेची पिवळी गाडी सुरू झाली, यांपैकी काहीतरी तिथे आहे. दोन्ही शाळांचा एकूण पट सारखाच घसरलेला असू शकतो, पण दुखणं वेगळं, औषधही वेगळं. कार्डावर ही तिरकी ओळ छापलेली नसते. काढायला मात्र पाचच मिनिटं लागतात, आणि अख्ख्या कार्डातून निघणारी सर्वात मोलाची माहिती तीच.

तिरकी ओळ काढताना एक गफलत हमखास होते. आपल्याकडे अजून कितीतरी जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंतच आहेत आणि पाचवी हायस्कूलला जोडलेली आहे. कार्डात मात्र प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी. त्यामुळे पाचवीच्या रकान्यात शून्य दिसलं तर मुलं गळाली असं नव्हे, तिथे पाचवीच नाही. वर ‘इयत्ता कितीपासून कितीपर्यंत’ हे लिहिलेलं असतं, ते आधी पाहा. शिवाय २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापासाची तरतूद परत आलीय, त्यामुळे जिथे पाचवी आहे तिथे त्या रकान्यात मागच्या वर्षीची एखाद-दोन मुलं असू शकतात.

पहिलीचा नळ बारीक का झाला, हे कार्ड सांगत नाही. ते अंगणवाडीत कळतं. पहिलीला प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. सेविकेच्या रजिस्टरमध्ये जन्मतारखा असतातच. त्यांवरून पुढच्या तीन वर्षांच्या पहिल्या आजच मोजता येतात. दाखलपात्र मुलं १० आणि पहिलीत ९, तर गावात जन्मच कमी झालेत, शाळेचा दोष शोधून उपयोग नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ निघाला, आधीच्या फेरीत तो १.९ होता. लोकसंख्या जिथल्या तिथे राहायला २.१ लागतो. म्हणजे छोट्या वर्गांची लाट यायचीच आहे. पण दाखलपात्र १८ आणि पहिलीत ९ असेल, तर निम्मी मुलं सकाळी दुसऱ्या गावच्या गाडीत बसतायत. हा फरक कळल्याशिवाय प्रवेशोत्सवाच्या दिवशी बैलगाडीतून मिरवणूक काढण्यात काही अर्थ नाही.

आता वर्गातली दाटी. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी शिक्षकांची पायरी ठरलेली आहे. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच, १५० च्या वर मुख्याध्यापक वेगळा, आणि २०० च्या वर मुख्याध्यापक सोडून एका शिक्षकामागे ४० पेक्षा जास्त मुलं नकोत. इथे ‘पायरी’ या शब्दाकडे लक्ष द्या. पट हळूहळू उतरतो, शिक्षक मात्र एकदम एक कमी होतो.

वरच्याच शाळेत पाहा. २०२१-२२ ला ६६ मुलं, तीन शिक्षक : सरासरी २२. पुढच्या वर्षी सहा मुलं घटली, पट ६० झाला, पायरी ओलांडली, आणि पद गेलं की दोन शिक्षक : सरासरी ३०. मुलं कमी झाली आणि दाटी वाढली! शिक्षक तीन असताना दोन इयत्ता स्वतंत्र बसत आणि फक्त एका खोलीत दोन इयत्ता एकत्र. दोन शिक्षक झाल्यावर एका खोलीत पहिली-दुसरी मिळून २६, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी मिळून ३४. डाव्या भिंतीकडे तिसरी, उजवीकडे चौथी, फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ. तिसरीला हातच्याची वजाबाकी सोडवायला दिली की बाई चौथीकडे वळून भागाकार घेणार. चौथी उत्तर काढेपर्यंत तिसरीतली चौघं उठून दाराशी. चाळीस मिनिटांच्या तासिकेत प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला खरं शिकवणं येतं वीस मिनिटं. ‘शिक्षकामागे ३० मुलं’ हा कायद्यात बसणारा आकडा यातलं काहीच सांगत नाही. दोन वर्षांनी पट ४३ वर येतो, सरासरी साडेएकवीस होते आणि कागदावर शाळा पुन्हा सुधारलेली दिसते. खडूची रेघ मात्र तिथेच.

म्हणून या सेवेतून मिळणारं शिक्षक-विद्यार्थी प्रमाण आणि वर्गाचा आकार, या दोन गोष्टी एक समजू नयेत. प्रमाण म्हणजे एकूण मुलं भागिले एकूण शिक्षक. वर्गाचा आकार म्हणजे त्या तासाला त्या खोलीत समोर बसलेली मुलं. देशाच्या पातळीवर यू-डायस प्लसच्या २०२४-२५ च्या अहवालात तिसरी ते पाचवीच्या टप्प्यात एका शिक्षकामागे १३ मुलं आहेत. वाचून वाटेल, आनंदीआनंद आहे. त्याच अहवालात १,०४,१२५ एकशिक्षकी शाळा आणि शून्य पटाच्या ७,९९३ शाळाही आहेत. सरासरी काढली की शहरातली पन्नासची तुकडी आणि डोंगरातली सात मुलांची शाळा मिळून सगळं कसं छान होतं.

दुरुस्ती अशी करायची. कार्डावरचा शिक्षकांचा आकडा घ्या आणि त्यातून प्रत्यक्ष न शिकवणारे वजा करा. प्रतिनियुक्तीवर पंचायत समितीत बसलेले, बाळंतपणाच्या किंवा दीर्घ रजेवरचे, हे सगळे कार्डावर हजरच असतात. मग खोल्या. कार्डात खोल्यांची फोड असते : चांगल्या, किरकोळ दुरुस्तीच्या, मोठ्या दुरुस्तीच्या. मोठ्या दुरुस्तीच्या खोल्या सरळ वजा धरा. त्यांत पोषण आहाराचा तांदूळ आणि मोडकी बाकं असतात. निर्लेखनाची, म्हणजे कागदोपत्री मोडीत निघण्याची, वाट पाहणारी खोलीही तशीच. आता शिकवणारे शिक्षक आणि वापरातल्या खोल्या यांतला जो आकडा लहान, त्याने इयत्ता वाटा. चार इयत्ता, तीन शिक्षक, पण खोल्या दोनच, तर वर्ग दोनच भरतात. तिसरा शिक्षक व्हरांड्यात. हा हिशेब पूर्ण अचूक नाही, तरी कार्डावरच्या सरासरीपेक्षा सत्याच्या बराच जवळ जातो.

तुकड्यांचं काय? मोठ्या शाळांत पहिली ‘अ’, ‘ब’, ‘क’ असते आणि मुलाची तुकडी शाळा पोर्टलवर भरते. जाहीर कार्डात मात्र इयत्तेचा एकच आकडा दिसतो. पहिलीत १३२ मुलं म्हणजे ४४ च्या तीन की ३३ च्या चार? कार्ड गप्प. सीबीएसई शाळांना मंडळाच्या नियमाने तुकडीला साधारण ४० ची मर्यादा आहे, तिथे निदान अंदाज बांधता येतो. बाकीच्या शाळांत थेट विचारावं : ‘पहिलीच्या तुकड्या किती, आणि प्रत्येकीत आज किती?’ माहिती पोर्टलमध्ये भरलेली असताना ती जाहीर न करणं ही या सेवेतली सर्वात मोठी उणीव. दोन गुण इथेच गेले.

शहरातली कार्डं वाचताना आणखी सावध. महापालिकेच्या एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा तीन शाळा भरतात आणि प्रत्येकीचा कोड वेगळा. इमारत गजबजलेली म्हणून मराठी शाळा भरलेली असं नाही. दोन पाळ्यांत चालणारी शाळा असेल तर त्याच खोल्या दोनदा वापरल्या जातात. कार्डात पाळीची नोंद असते, ती पाहिल्याशिवाय मुलं भागिले खोल्या करू नका. पहिली ते दहावी एकाच कोडावर असली तर शिक्षकांचा एकूण आकडा हायस्कूलच्या विषय-शिक्षकांनी फुगलेला असतो. ‘कोणत्या गटाला शिकवतात’ ही फोड कार्डात दिलेली असते, त्यातले प्राथमिकचेच उचला. आणि इंग्रजी शाळांच्या एकूण पटात नर्सरी-केजी मिसळलेलं असतं, जे जिल्हा परिषद शाळेत बहुधा नसतंच. ते अंगणवाडीच्या खात्यावर. तुलना करायची तर पहिली ते चौथीचीच.

आता आकड्यांवर भरवसा किती ठेवायचा ते. इथे २०२२-२३ हे वर्ष लाल रेघ मारून ठेवा. त्याआधी शाळा आपला एकूण पट भरत असे : पहिलीत इतके मुलगे, इतक्या मुली. त्या वर्षापासून एकेका मुलाची स्वतंत्र नोंद सुरू झाली, आधारची जोड आली, एकच मूल दोन शाळांच्या पटावर असणं अवघड झालं. देशाचा एकूण पट २०२१-२२ ला २६.५२ कोटी होता, २०२२-२३ ला २५.१८, २०२३-२४ ला २४.८० आणि २०२४-२५ ला २४.६९ कोटी. पहिल्या घसरणीतली किती मुलं खरोखर शाळेबाहेर गेली आणि किती फक्त कागदावरून, हे वेगळं करता येत नाही. नव्या पद्धतीचे आकडे जुन्यांशी सरळ ताडू नयेत असं केंद्रीय शिक्षण मंत्रालयही सांगतं. म्हणून तुमच्या शाळेच्या कागदावर २०२१-२२ आणि २०२२-२३ यांच्या मध्ये मोठी दरी दिसली, तर लगेच निष्कर्ष काढू नका. त्यानंतरची तिरकी ओळ जास्त खरी. बोगस पटाचं दुखणं आपल्याकडे नवं नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा मुलांच्या बोटाला शाई लावून मोजायची वेळ आली होती. त्या मानाने आजची मुलागणिक नोंद ही मोठी सुधारणा, आणि चार गुण त्यासाठीच.

पण मुलागणिक नोंदीची स्वतःची दुखणी आहेत. मूल वर्गात रोज बसतंय आणि कार्डावर नाही, असं होतं. कारण बहुतेक वेळा दोन. एक, आधार. शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव, जन्मतारीख, लिंग आणि आधारवरचं जुळलं नाही की पडताळणी अडते. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग, ‘भाऊ’-‘राव’ जोडणं-तोडणं, आधारवर नुसतं जन्मवर्ष, अशा बारीकसारीक गोष्टींवर गाडी अडकते. राज्यात संचमान्यतेला, म्हणजे शिक्षकपदं ठरवायला, आधार-वैध मुलंच धरण्याची पद्धत आल्यापासून हा नुसता कारकुनी प्रश्न राहिला नाही. पट ६३, पण चार मुलांचं आधार अवैध, तर हिशेबाला ५९, आणि तिसरं पद धोक्यात. पायरीजवळच्या शाळांनी (५५ ते ६५, ८५ ते ९५) हे जुलैतच निस्तरायला हवं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आधार केंद्राबाहेर रांग लावून काही होत नाही. पद टिकवायला किती आणि नव्याने मिळवायला किती हे निकषही शासन निर्णयांनी बदलत असतात; १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने ते बदललेच. तेव्हा त्या वर्षीची संचमान्यतेची प्रत मुख्याध्यापकांकडे मागून पाहावी.

दुसरं कारण, बदली झालेलं मूल जुन्या शाळेत अडकून राहणं. पोर्टलवर प्रत्येक मुलाला कायमचा क्रमांक असतो, त्याला ‘पेन’ म्हणतात. जुन्या शाळेने मूल सोडलं की ते ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये जातं आणि नवी शाळा तिथून ओढून घेते. जुनी शाळा सोडत नाही तोवर ते तिच्याच पटावर. फी थकली म्हणून काही खाजगी शाळा दाखला अडवतात तेव्हा हेच होतं. कायद्याने दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, पण पोर्टलला कायदा कुठे कळतो! नव्या शाळेने पोर्टलवरूनच मूल सोडण्याची विनंती पाठवायची आणि उत्तर आलं नाही तर गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडे पाठपुरावा करायचा, हाच रस्ता. पालकांनी प्रवेश घेताना पेन क्रमांक लिहून नेला तर शाळेचा अर्धा दिवस वाचतो.

३० सप्टेंबर या तारखेचाही एक वेगळाच खेळ आहे. बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत बाहेर असतात. सप्टेंबरअखेर मूल पटावर असतं, वर्गातही असतं. डिसेंबरात ते पटावर असतं, वर्गात नसतं. आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलं तरच शाळेत. अशा गावातलं कार्ड वर्षाचे पाच-सहा महिने खोटं ठरतं. उलट बाजूला, कारखान्याच्या पट्ट्यातल्या शाळेत त्याच महिन्यांत कोपीवरची (ऊसतोड कामगारांच्या झोपड्यांतली) पंधरा-वीस मुलं येऊन बसतात. शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं) घेऊन आलेली असली तरी सप्टेंबरच्या आकड्यात ती नसतात. शिक्षक मोजले गेले सप्टेंबरच्या मुलांवर, शिकवायचं डिसेंबरच्या मुलांना. हा दोष पोर्टल कितीही झळझळीत केलं तरी जाणार नाही. वर्षातून दोन तारखांना मोजलं तरच जाईल.

वीसच्या आतल्या शाळांबद्दल थोडं. २०२३ मध्ये राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा मोजल्या गेल्या; त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे शाळेला सरासरी साडेबारा मुलं, शिक्षकामागे सहा. या आकड्यांवरूनच समूह शाळांची, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याची, कल्पना पुढे आली, पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही त्याची दाखवायची उदाहरणं. अशा शाळांसाठी हे कार्ड जवळजवळ निरुपयोगी आहे. पट ११ वरून १३ झाला की वाढ अठरा टक्के, आणि तीही एका घरात जुळी असल्यामुळे! वाशीम जिल्ह्यातल्या गणेशपूरची शाळा एका मुलामुळे बातम्यांत आली होती. तिथे प्रमाण एकास एक, जगात कुठे नसेल इतकं उत्तम. इथे विचारायचा प्रश्न एवढाच : पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी या राज्याच्या नियमात, ही शाळा बंद झाली तर पुढची शाळा किती लांब आणि मधे ओढा आहे का? कार्डासोबत नकाशावर शाळेची जागा दाखवायची सोय आहे. सरळ रेषेतलं अंतर त्यावरून निघेल, ओढ्याला पूर आल्यावरचं निघत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी तर हे कार्ड दरवर्षी छापून बैठकीत ठेवावंच. त्यातलं एखादं चुकलं असेल, वापरात नसलेलं स्वच्छतागृह ‘चालू’ दाखवलं असेल, तर पुढची माहिती भरायच्या आधी दुरुस्त करता येतं. एकदा वर्ष बंद झालं की ते तसंच राहतं. पालकांनी शाळा निवडताना फक्त कार्डावर जाऊ नये. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत दाराजवळच्या लहान फळ्यावर रोज सकाळी इयत्तावार पट आणि हजर मुलं लिहिलेली असतात : मुलगे, मुली, एकूण. ऑगस्टमधला एखादा मंगळवार निवडून तो फळा पाहावा. यात्रेचा, बाजाराचा आणि पावसाचा दिवस टाळा. पट ४३ आणि हजर ३९ असेल तर कार्ड खरं. पट ४३ आणि हजर २५ असेल तर तिरकी ओळ कितीही सरळ असो, शाळेत काहीतरी बिनसलंय. पोषण आहाराच्या रोजच्या नोंदीशी तो आकडा ताडता येतो, कारण तांदूळ शिजतो तो हजर मुलांवर.

खाजगी शाळेत असा फळा नसतो. तिथे शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभं राहून पहिलीची एक ओळ मोजावी, पंधरा मिनिटांचं काम.

एक शेवटची बारीक सूचना कार्ड उतरवणाऱ्यांसाठी. कॅप्चातली अक्षरं मोबाइलवर नीट दिसत नाहीत, संगणकावर बसा. आणि प्रत्येक फाइलला उतरवल्या उतरवल्या कोड आणि वर्ष असं नाव द्या. चार वर्षांच्या चार फाइली पडद्यावर सारख्याच दिसतात, आणि २०२३-२४ च्या जागी २०२२-२३ ची घेतली की सगळी तिरकी ओळ एक घर घसरते.